न्यासिरेचं पान

१

दर शनिवारी कपडे दोरीवर गेले की मी वेबसाइट झाडायला बसते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला की माझा नवरा वर्तमानपत्राआडून विचारतो, "निघालीस का दुसऱ्या संसाराला?" आणि खरंच, दुसरा संसारच तो. कोणीतरी प्रतिक्रियांमध्ये वजन घटवायच्या गोळ्यांची जाहिरात टाकून गेलेलं असतं, ती काढा. एखादं चित्र दिसेनासं झालेलं असतं, ते पुन्हा चढवा. अपडेट करा म्हणून लाल ठिपका डोळे वटारत असतो. करावं तर निम्मी पानं वाकडी होतात, न करावं तर आठवडाभर तो ठिपका टोचत राहतो. किती लोक वाचतात हे बघणं मी कधीच सोडून दिलंय. किसुमूच्या शाळेत दिवसभर मुलांवर घसा ताणून आलेली बाई कथा लिहिते, हेच पुष्कळ झालं.

मागच्या वर्षी मात्र नैरोबीच्या एका प्रकाशनातली वाइरिमू नावाची संपादक फोनवर म्हणाली की कथासंग्रहाचं बघता येईल, पण आधी साइट नीट करा. "तुमची साइट म्हणजे जुन्या कपड्यांचा ढीग झालाय, रिस्पर. गिऱ्हाईक उपसत बसत नाही," ती म्हणाली. अर्धवट कथा तर आधी काढा, असंही म्हणाली. मला राग आला, पण तिचं खरं होतं.

अर्धवट अशी एकच होती, न्यासिरेची. आम्हा लुओ जमातीत मेलेल्याचं नाव उगाच वापरत नाहीत, आणि खरं माणूस उचलून गोष्टीत घालणं तर मी कटाक्षानं टाळते. म्हणून न्यासिरे हे नाव मी स्वतः जुळवलं होतं. शाळेच्या पटावर, बाजारात, चर्चमध्ये, असं नाव कुणाचंच नाही याची खात्री करून घेतली होती. ही न्यासिरे लग्नाआधी सरोवरात बुडून मरते. पायातली एक निळी चप्पल पाण्यातच जाते. बिनलग्नाची म्हणून तिला रीतीप्रमाणे कुंपणाबाहेर पुरतात. मग जिथे बाळ जन्मेल तिथे ती आईच्या स्वप्नात जाऊन म्हणते, माझं नाव ठेवा. कुणी ठेवत नाही. महिन्याला एक प्रकरण अशी ती दारोदार फिरली आणि शेवटी एका पत्र्याच्या फाटकाबाहेर उभी राहिली. तेवढ्यात माझ्या मुलाचं, केफाचं कॉलेज सुरू झालं, शाळेत परीक्षा आल्या, आणि मला पुढचं काही सुचेना. ती तिथेच राहिली.

पानाच्या डोक्यावर त्या फाटकाचा फोटो होता. होमा बेच्या रस्त्यावर गाडी बिघडली तेव्हा मी फोनवर काढलेला. दोन्ही बाजूंना शेराचं कुंपण, मध्ये गंजकं बंद फाटक. कडी दिसत नव्हती, कारण ती आतून असते.

त्या शनिवारी मी ते पान काढलं. साइटच्या कचरापेटीत जुनं काही ठेवायची मला सवय नाही, म्हणून तीही रिकामी केली. खरं सांगायचं तर हलकं वाटलं.

२

मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांमध्ये आमची सून राहते, क्विंटर. मुलानं आईबापाच्या छपराखाली संसार मांडायचा नाही ही आमची रीत. केफा मोंबासाच्या बंदरात नोकरीला, म्हणून पहिलं बाळंतपण तिनं माझ्या नजरेसमोर करायचं ठरवलं. मुलगी झाली. उन्हात जन्मली म्हणून आचिएंग हे नाव तिला आपोआप मिळालं. दुसरं नाव मेलेल्यांकडून यायचं असतं, त्याची घाई नव्हती. इतकं शांत बाळ मी पाहिलं नव्हतं. उजवा कान वरून जरा दुमडलेला, अंगठा मुठीत दाबून झोपायची.

ज्या दुपारी मी साइट आवरली, त्याच दुपारी ती रडायला लागली. पोटात दुखत असेल, मी म्हटलं. ओवा घातलेलं पाणी क्विंटरनं स्वतः प्यायलं. बाळाचं पोट शेकून झालं. तापही नव्हता. दवाखान्यातल्या नर्सनं उलटसुलट करून बघितलं आणि बाळ ठणठणीत आहे म्हणून परत पाठवलं.

पण ती दूध पिईना. तोंडात घेई, एकदा ओढी आणि दाराकडे मान वळवून रडू लागे. कायम दाराकडेच. मी खाट फिरवून बघितली, तर तिनंही मान फिरवली.

नवी मांडणी करताना मला ते रडणं ऐकू यायचं. नवा आराखडा मी साधा घेतला होता, पांढरी पानं, डावीकडे कथांची नावं एकाखाली एक. त्यात एका जागी रिकामी ओळ पडत होती. दोन कथांच्या मध्ये नाव नसलेली जागा. तिच्यावर माउसचा बाण नेला की त्याचा हात व्हायचा, म्हणजे तिथे काहीतरी दाबण्यासारखं होतं. दाबलं तर कोरं पान उघडायचं. मी ती ओळ काढली, साठवलं, पुन्हा उघडलं. ओळ होती. मदतीच्या पानांवर शोधलं तर लोकांनी लिहिलेलं, जुन्या आराखड्याचं काहीतरी मागे राहतं, ब्राउझर साफ करा. केला. ओळ राहिली. मी हात टेकले. इतक्या साऱ्या भानगडींत एक रिकामी ओळ, वाइरिमूला दिसणारही नाही, असं म्हणून चहा ठेवायला उठले.

स्वयंपाकघरात असताना बाहेर पत्रा वाजला. कुणी फाटकावर तळहात टेकवावा आणि काढून घ्यावा, तेवढाच. मी खिडकीतून बघितलं. आमचं फाटक लोखंडी आहे, रुळावर सरकणारं. ते असं वाजत नाही.

३

बाळ वाळत चाललं होतं. मनगटावरची वळी गेली. क्विंटरचे डोळे सुजून लाल झाले होते, तिच्या छातीत दूध दाटून ताप भरत होता आणि बाळ भुकेनं रडत होतं. केफा रोज फोनवर विचारायचा, पैसे पाठवू का, नैरोबीला नेऊ का. कुठे न्यायचं, काय सांगायचं? मला बाळाच्या हातांकडे बघवत नव्हतं. वेबसाइटचं काम मी केवळ त्यासाठी करत होते, की तेवढा वेळ कुठेतरी दुसरीकडे बघता यावं.

नव्या मांडणीत पहिल्या पानावर एक मोठा फोटो लागतो. मी सरोवरावरच्या होड्यांचा लावला होता. सकाळी उघडून बघितलं तर होड्यांच्या जागी फाटक.

फोटो मी साइटवरून काढला होता, तरी कुठल्या तरी कप्प्यात राहिला असेल, आराखड्यानं आपणहून उचलला असेल, असं होतं कधी कधी. मी होड्या पुन्हा लावल्या. मग थांबले आणि फाटकाचा फोटो मोठा करून नीट बघितला.

तेच फाटक होतं. तोच गंज, डाव्या कोपऱ्यातला तोच चेपलेला पत्रा, पण उजवीकडे आलेला. मध्यभागी कडी होती. लाकडाचा अडसर आणि त्यात तारेनं बांधलेली कडी, बंद.

कडी आतून असते.

मी दोन फोटो काढले असतील. गाडी बिघडली होती, वेळ होता, कुणाच्या तरी अंगणात पाणी मागायला गेले असेन आणि आतून दुसरा काढला असेल. मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू गाडीतून पायसुद्धा खाली ठेवला नव्हतास. चिखल होता म्हणून मलाच शिव्या घालत बसली होतीस." त्याला सगळं लक्षात राहतं, आणि मला विसरायचं असतं तेव्हा तर हमखास.

४

शेवटी नवऱ्याची आत्या, पेनिना, गावाहून आली. आम्ही सगळे तिला दानी म्हणतो, म्हणजे आजी. घराण्यातले सगळे मेलेले तिला तोंडपाठ, आणि त्याचा तिला गर्वही आहे. उंबऱ्यातूनच तिनं बाळाकडे बघितलं आणि काठी भिंतीला टेकवली.

"याला डॉक्टर काय करणार? कुणीतरी नावासाठी अडून बसलंय."

मी शिकलेली बाई आहे, पण ऐकून मला बरं वाटलं. नाव सापडेपर्यंत लहान मूल रडतं आणि बरोबर नाव उच्चारलं की शांत होतं, हे आमच्याकडे प्रत्येक घरानं कधी ना कधी पाहिलेलं असतं. माझा केफाही असाच त्याच्या पणजोबाच्या नावावर गप झाला होता.

दुपारची वेळ होती. खोलीत पडदा ओढला होता, पत्र्याचं छप्पर उन्हानं तडतडत होतं. दानी बाळाला मांडीवर घेऊन एकेक नाव घ्यायला लागली. "तू माझी आई असशील तर गप हो, दूध पी." बाळ रडतच होतं. "तू रोदा असशील तर गप हो." मग धाकटी आत्या, मग बाळंतपणात गेलेली चुलती, मग गावातल्या इतर बायका. तिचा आवाज बसत चालला, तरी बाळ थांबेना. दर नावानंतर ते क्षणभर कान दिल्यासारखं करी, आणि हे नव्हे असं कळल्यागत पुन्हा सुरू होई.

"तुला काही स्वप्न पडलं का गं?" दानीनं क्विंटरला विचारलं.

क्विंटरनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली की पडतं, रोज दुपारी डोळा लागला की पडतं, पण बाई ओळखीची नाही म्हणून सांगितलं नाही. ओल्या अंगाची बाई दारात बसलेली असते. हातात बोचकं असतं.

"काय म्हणते?"

"म्हणते, माझं घर पाडलं. आता सामान कुठे ठेवू?"

दानीनं तिच्या पायात काय होतं ते विचारलं. मेलेलं माणूस पायांवरून ओळखतात.

"एका पायात निळी चप्पल होती," क्विंटर म्हणाली. "दुसरा अनवाणी."

मी भिंतीला पाठ लावली. क्विंटरनं माझं कधी काही वाचलेलं नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं ते कबूल केलं होतं, आई, रागावू नका, मला वाचनाचा कंटाळा आहे. फोनवर कुठे चाळलं असेल. कुणी सांगितलं असेल. पण सांगणार कोण? मला स्वतःला तरी ती कथा धड कुठे आठवत होती?

"मिन केफा," दानी माझ्याकडे वळून म्हणाली. केफाची आई, असंच ती मला हाक मारते. "तुझं तोंड का उतरलं? तुझ्या माहेरची कुणी आहे का ही?"

मी नाही म्हटलं. ते खोटं नव्हतं.

५

मी घरात आले आणि लॅपटॉप उघडला. घर पाडलं होतं ते मीच, तर उभंही मलाच करायला हवं होतं. कचरापेटी रिकामी, जुनी प्रत कुठेच नव्हती. मी त्या कोऱ्या पानावर आठवेल तसं लिहायला लागले. सरोवर, निळी चप्पल, कुंपणाबाहेरची माती, एकामागून एक दारं. बोटं दुखायला लागली. मागून दानीचा आवाज आणि बाळाचं रडणं येत होतं, आणि ते रडणं आता बारीक झालं होतं. ते बारीक झालेलंच मला सहन होईना.

जिथे पूर्वी थांबले होते त्या फाटकापाशी आले. यावेळी सोडून चालणार नव्हतं. तिला आत घ्यायचं, एका आईनं बाळाला तिचं नाव ठेवायचं, संपवायचं. पण त्यासाठी गोष्टीत बाळ हवं होतं, आणि नवं बाळ रचायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी कानावर येत होतं तेच बाळ लिहिलं. उन्हात जन्मलेली पोर. उजवा कान वरून जरा दुमडलेला. अंगठा मुठीत दाबलेला. दाराकडे मान वळवून रडणारी.

इतकी वर्षं जे टाळलं, ते मी केलं. दमलेली होते, एवढंच मला सांगता येईल.

मग लिहिलं, आईनं नाव उच्चारलं. कडी निघाली. न्यासिरे आत आली.

आणि मागचं रडणं थांबलं.

मी धावत गेले. खोलीत दानी हात जोडून बसली होती, माझा नवरा दारात टोपी काढून उभा होता, आणि बाळ घटाघटा दूध पीत होतं. गळ्याचा आवाज ऐकू येत होता. क्विंटर रडत होती आणि हसतही होती. मी खाटेच्या कडेला बसून चक्क हुंदके दिले.

"माझी नावं संपली होती," दानी म्हणाली. "क्विंटरच एकदम म्हणाली, ती बाई आत्ता कानात सांगून गेली. न्यासिरे. म्हटल्याबरोबर गप."

नवऱ्यानं विचारलं, ही न्यासिरे आपली कोण? नाव ज्याचं, त्याच्या नात्यानं मुलाला हाक मारायची असते, म्हणून विचारावं लागतं. दानी अडली. घराण्यातलं मेलेलं माणूस तिला ठाऊक नाही, असं आजवर घडलं नव्हतं.

"होती, होती," मग ती म्हणाली. "माझ्या आज्याची बहीण. सरोवरात गेली. कुंपणाबाहेर पुरली बिचारीला."

माझ्या जिभेवर आलं होतं. पण काय सांगणार होते मी? ती कुणाचीच नाही, मी ती जेवणाच्या टेबलावर जुळवली आहे, असं? बाळ दूध पीत होतं.

पिऊन झाल्यावर बाळानं तोंड बाजूला केलं आणि क्विंटरच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. रडून दमलेलं मूल बघतं तसंच, पुष्कळ वेळ. मूठ उघडली होती आणि अंगठा बाहेर होता.

६

न्यासिरे आता चालते. गुटगुटीत आहे, खाण्याचा हट्ट नाही, उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि मासळी आवडीनं खाते. सगळा मोहल्ला तिच्यावर जीव टाकतो. माझा नवरा तिला "आजीबाई" म्हणून हाक मारतो आणि ती वळून बघते. एक चप्पल कुठेतरी टाकते आणि एकाच चपलेनं अंगणभर फिरते. सगळीच मुलं टाकतात. कानाची घडी गेली, आता दोन्ही कान सारखे आहेत. वाढताना जाते, असं नर्स म्हणाली.

वाइरिमूनं नवी साइट बघितली. म्हणाली की सुंदर झालीय, फक्त ते फाटकाचं पान काढा, बाकी पुस्तक पक्कं. मी जमणार नाही म्हटलं. तिला वाटलं मी हट्टी आहे. पुस्तकाचं पुढे काही झालं नाही.

नाव ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते पान उघडलं होतं. चुकलंमाकलं दुरुस्त करून मग प्रकाशित करायचं होतं, पण ते प्रकाशित झालेलंच होतं. वर फाटकाचा फोटो, आतून काढलेला. कडी पुन्हा लागलेली. आणि पत्र्याखाली, फाटक आणि जमीन यांच्यामधल्या फटीत, काहीतरी होतं.

मी फोटो मोठा केला. जास्त मोठा केला की नुसते चौकोन दिसतात, काहीही भास होतो. दगड असतील. शेराच्या मुळ्या असतील. बाहेरच्या बाजूला, फाटकाला अगदी चिकटून, दोन लहानशी पावलं, बोटं आत वळलेली. तेव्हा आचिएंग उभी राहण्याच्या वयाची नव्हती, मी स्वतःला म्हटलं, म्हणजे हा भासच. पण फोटोतली पावलं दर महिन्याला थोडी मोठी होतात, मी बघत असते.

म्हणून मी साइट सांभाळते. जाहिराती काढते, लाल ठिपके मिटवते, पासवर्ड कुणाला देत नाही. हे माझ्यामागे कोण करणार? क्विंटरला सांगावं, तर काय सांगावं? तिची पोर तिच्या कुशीत आहे.

आज शनिवार. कपडे दोरीवर गेले, मी बसले, आणि न्यासिरे नेहमीसारखी येऊन माझ्या मांडीवर चढली. तिच्या एकाच पायात चप्पल होती. अजून तिला फारसं बोलता येत नाही. पडद्यावरच्या फाटकाकडे तिनं बराच वेळ बघितलं, मग बोट खाली नेऊन फटीवर ठेवलं.

"काढ," ती म्हणाली.

मी तिचं बोट धरून बाजूला केलं. तिनं हट्ट केला नाही, तशी ती कधीच करत नाही. नुसती बसून राहिली. मग मी दर शनिवारी करते तसं पानाच्या शेवटी गेले आणि मागच्या शनिवारच्या ओळीखाली आजची ओळ लिहिली. आचिएंग, मी घरातच आहे. फाटकापाशीच थांब, बाळा, लांब जाऊ नकोस.

मग साठवलं आणि कपडे वाळले का बघायला उठले.